भिंतीशी बोललेलं धरत नाही

५ मार्च, सोमवार

आजपासून आमच्या ह्यांच्याशी अबोला. कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे दोन दिवसांनी माझं मन पाघळलं तर वाचून पुन्हा कडक करता येईल.

मागे एकदा ह्यांची पाठ धरली होती. कूस बदलायलासुद्धा मी लागायचे. तेव्हा लेकीसमोर कबूल केलं होतं, की यापुढे कपाटं फक्त बनवायची, उचलायची नाहीत. सुतार म्हणजे हमाल नव्हे, हे वाक्यही ह्यांचंच. आज ग्रंथपालबाईंचं पुस्तकांचं कपाट पोचवायचं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी सकाळीच विचारलं, हमाल सांगितलेत ना? म्हणाले, सांगितलेत.

जेवायच्या वेळेला घरी आले ते हळूहळू चालत. थेट हात धुवायला गेले. मी शिवणाच्या मशीनवरूनच विचारलं, हमाल वेळेवर आले का? म्हणाले, "आले." तेवढंच. मला वाटलं, थकलेत.

तासाभराने ग्रंथपालबाई पॅंट आखूड करायला घेऊन आल्या आणि कौतुक सुरू. काय हो तुमच्या मिस्टरांच्या अंगात ताकद, या वयात, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला तो त्यांच्या जोडीचा काडीपैलवान, दोघांनीच चढवलं की वर. मी त्यांच्या पॅंटवर खडूने खूण केली ती चांगली जाड उमटली.

त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन सांगितलं, की ज्या माणसाला स्वतःच्या शब्दाची किंमत नाही त्याने माझ्याशी शब्द खर्च करू नयेत. हे खुर्चीत बसले होते. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. बरं झालं. सबबी ऐकायची माझी तयारी नव्हतीच.

आमच्या अबोल्याचे नियम लेकीने शाळेत असताना ठरवून दिलेले आहेत. जो आधी बोलेल तो हरला. भिंतीशी, मशीनशी किंवा मांजराशी बोललेलं धरत नाही. मांजर गेलं, बाकीचं तसंच आहे. आजवर दर वेळी हेच हरलेत. बहुतेक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीतरी विनोद करतात आणि मला हसू येतं.

६ मार्च, मंगळवार

रात्री हे खुर्चीतच झोपले. बिछान्याला काटे फुटले असावेत.

खोलीत मलमाचा वास येतोय. म्हणजे पाठ पुन्हा धरलेली आहे. मी काही विचारलं नाही. पोटाशी उशी धरून बसलेत, रुसलेलं पोर बसतं तसे. ताटातलं निम्मं टाकलं. माझ्यावरचा राग अन्नावर काढायची ही सवय मला मुळीच आवडत नाही, हे मी मशीनला ऐकवलं.

दुपारी लेकीचा फोन आला. शनिवारी येतेय. ह्यांच्याशी बोलली, तर "हो", "नाही", "ये". मग मला विचारते, बाबांचा आवाज असा नाकात का येतोय? मी म्हटलं, रुसलेल्या माणसाचा आवाज असाच असतो. ती म्हणाली, पुन्हा? मी म्हटलं, पुन्हा. तिने फोनवरच सुस्कारा सोडला.

संध्याकाळ झाली, विनोद काही आला नाही.

७ मार्च, बुधवार

काडीपैलवान आला होता. हा ह्यांचा कामातला जोडीदार. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून पैलवान. दारातच टोपी पिरगाळत उभा राहिला आणि विचारलं, दादा कसे आहेत. मी नाटकाच्या झग्यांना टाचण्या लावत होते. शाळेच्या नाटकाचे पांढरे झगे, पंधरवड्यात द्यायचेत. तोंडात टाचण्या, त्यामुळे हातानेच आत दाखवलं.

आत दोघांची कुजबुज झाली. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं होतं."

मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, दोघांनी मिळून उचललंत ना, आता दोघांनी मिळून भोगा, मला काही सांगू नका. जाताना त्याने दार इतकं हळू लावलं की मला कळलंच नाही.

माझं बोलणं त्याला लागलं असेल का? लागू दे. तो साथ देतो म्हणून ह्यांना जोर येतो.

८ मार्च, गुरुवार

आज खिडकीवरून जुंपली. म्हणजे अबोल्यात जुंपते तितकी.

माझ्या मशीनशेजारची खिडकी रस्त्यावर उघडते. उघडली की धूळ, आणि माझ्या टेबलावर कायम काहीतरी पांढरं. हे लग्नापासून उघडतात, मी लग्नापासून बंद करते. आज दुपारी हे उठून इथे आले, टेबलाला धरून उभे राहिले, आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "खिडकी... उघडली... तर बरं."

मी मशीनला सांगितलं, की पांढऱ्या झग्यांवर धूळ बसली तर शाळेतल्या बाई मला उभी चिरतील. हे थोडा वेळ थांबले. मग पुन्हा तेच, तसंच तोडून तोडून. नाटक शाळेचं आणि सराव आमच्या घरात. मी मशीन जोरात चालवलं. शेवटी परत जाऊन खुर्चीत बसले. आज तर चेहराही असा फुगवलाय की गालांच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्यात. इतकं फुगून बसायला माझं चुकलंय तरी काय?

खरं लिहायचं तर संध्याकाळी मला करमलं नाही. मशीन थांबलं की घर एकदम रिकामं वाटतं. ह्यांनी इतकं कधी ताणलं नव्हतं. सोमवारी मी जरा जास्तच बोलले की काय, असं मनात आलं. पण आधी मी बोलणार नाही. शब्द ह्यांनी मोडलाय.

११ मार्च, रविवार. हॉस्पिटलच्या बाकावर

लेकीने घरून वही आणून दिलीय. म्हणाली, आई, लिही काहीतरी, नुसती दाराकडे बघत बसू नकोस.

काल सकाळी लेक यायची म्हणून ह्यांनी धुतलेला शर्ट घेतला. मी शिवलेला. मशीनवरून मला आरशात दिसत होतं. एक हात घालायलाच किती वेळ लावला. मग कॉलरचं बटण लागेना. पुन्हा पुन्हा ओढत होते. ह्यांचा गळा साडेपंधरा, माझ्या हातांना टेपशिवाय पाठ आहे. त्या गळ्याला मी शिवलेली कॉलर होत नाही म्हणजे काय? मला खरं तर कॉलरचा राग आला. उठले, काही न बोलता समोर गेले आणि बटण लावायला बोटं कॉलरच्या आत घातली.

गळ्याची कातडी बोटांखाली चुरचुरली. नव्या शर्टाच्या घडीत पातळ कागद असतो, तो दाबल्यावर वाजतो तशी. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. गळ्यापासून खाली छातीपर्यंत सगळीकडे तसंच. फुगवलेला चेहरा मी प्रथमच जवळून पाहिला. तो फुगवलेला नव्हता, सुजलेला होता.

मी म्हटलं, "अहो, हे काय झालंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसले.

"हरलीस," म्हणाले.

तेवढ्याने खोकल्याची उबळ आली. उशी छातीशी धरून वाकले, आणि वर आले तेव्हा माणूसच बदलला होता. ओठ निळसर, कपाळावर घामाचे थेंब, मानेच्या शिरा टरारलेल्या. श्वास नुसता वरच्या वर. मी बिछान्यावर आडवं करायला गेले तर माझा हात झिडकारला आणि बसूनच राहिले. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, रुग्णाच्या छातीला मार लागला आहे का?

मी सांगितलं, नाही.

ह्यांनी मान हलवली. हो अशी. आणि हाताने बरगडीवर दाखवलं.

तेव्हा मला जे झालं ते मला लिहिता येत नाही. माझ्या घरात, माझ्या मशीनपासून दहा पावलांवर हा माणूस आठवडाभर मार घेऊन बसला होता, आणि मी फोनवर एका परक्याला ठामपणे सांगत होते की नाही म्हणून.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ह्यांना बसवूनच नेलं, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून. कॅज्युअल्टीत पोचल्याबरोबर एका सिस्टरने कात्री घेतली आणि शर्ट समोरून उभा कापला. मी म्हटलं, अहो बटणं निघतात की. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. सिस्टर म्हणाली, काकू, मागे उभ्या राहा. पण बाहेर काढलं नाही.

डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीपेक्षाही लहान मुलगी. आवाज चढवत नाही, पण सगळे तिचं ऐकतात. तिने आधी हात लावलाच नाही. पायांशी उभी राहून ह्यांच्या छातीकडे नुसती पाहत राहिली. मग मलाही दिसलं. छातीची डावी बाजू वरखाली होत होती आणि उजवी तशीच थांबलेली होती. इतकं उघड. मी माणसांची अंगं मोजून पोट भरते आणि मला आठवडाभर दिसलं नाही, कारण मी तिकडे पाहतच नव्हते.

मग तिने छातीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकलं. डावीकडे भरीव आवाज, उजवीकडे रिकाम्या डब्यासारखा. कानांना नळी लावून ऐकलं. गळ्याच्या खळग्यात बोट ठेवून काही चाचपलं. मग सिस्टरला म्हणाली, "एक्स-रेसाठी थांबायचं नाही. सुई द्या."

एवढी जाड सुई मी गोधडी शिवायलाही वापरलेली नाही. छातीत ती गेली आणि सायकलच्या चाकातून निघते तशी हवा निघाली. फुस्स. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या आवाजाबरोबर ह्यांचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. त्यानंतर काखेखाली बधिर करून, छोटीशी चीर देऊन, बरगड्यांच्या मधून एक नळी आत घातली आणि तिचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत सोडलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले. ते बघत मी भिंतीला टेकून उभी होते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळली. कधी लागलं?

मी म्हटलं, ठाऊक नाही. सोमवारी असावं.

तिने विचारलं, तुम्ही घरी दोघंच असता ना?

"आमचं बोलणं नव्हतं," मी म्हटलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. मला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. बरगड्या मोडल्यात, त्यातल्या एकीचं टोक फुप्फुसाला टोचलंय. हवा हळूहळू फुप्फुसातून बाहेर झिरपत छातीतच साठत होती. परत जायला वाट नाही, त्यामुळे फुप्फुस दाबत गेली. आज खोकल्याने एकदम वाढली आणि हृदयावरही दाब आला. थोडी हवा कातडीखाली शिरली आणि मानेपर्यंत चढली.

"म्हणून फुगलेत," ती म्हणाली.

मला हसू आलं. जोरात आलं. आवरेचना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्या पोरीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत काढला नाही.

दुपारी काडीपैलवान आला. ह्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्याने सगळं सांगितलं. जिन्याच्या वळणावर त्याचा पाय घसरला, आणि कपाटाने ह्यांना छातीवर दाबून कठड्याशी चेंगरलं. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. मुका मार आहे, दोन दिवसांत जाईल, वहिनीला सांगू नको, असं ह्यांनी बजावलं. बुधवारी तो सांगणारच होता.

डॉक्टर तिथेच काहीतरी लिहीत होती. न बघता म्हणाली, "मुका मार म्हणजे तो बोलत नाही इतकंच. लागलेलं असतंच."

१३ मार्च, मंगळवार

वॉर्डात हलवलंय. खिडकीजवळची खाट मिळाली, आणि ती खिडकी उघडी आहे.

बाटलीचं मला आता सगळं कळतं. ती कायम छातीच्या खाली हवी, नाहीतर पाणी उलटं आत जाईल. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं ते चांगलं. खोकल्यावर बुडबुडे येतात म्हणजे भोक अजून बुजलेलं नाही. झाडणारी मावशी बाटली उचलून स्टुलावर ठेवायला निघाली, तिच्यावर मी असा आवाज काढला की अख्खा वॉर्ड उठून बसला. नंतर तिची माफी मागितली.

ह्यांचं बोलणं तुटक आहे. मी विचारते, हे मान हलवतात. मी दिवसभर बडबडते. लेक म्हणाली, आई, आता अबोल्याचं व्याज फेडतेयस का? मी म्हटलं, तू तुझ्या घरी जा. गेली नाही.

१४ मार्च, बुधवार

ताप आला. बुडबुडे तसेच.

डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, की हे श्वास चोरतायत. दुखतं म्हणून खोल घेत नाहीत, खोकत नाहीत. मग आत कफ साठतो, आणि ह्या वयात न्यूमोनिया झाला तर नळीपेक्षा तो जड जाईल. फुप्फुस पूर्ण फुलायला हवं, नाहीतर भोक बुजायचं नाही आणि ऑपरेशन करावं लागेल. दुखणं कमी करायचं औषध ती वाढवतेय. "पण खोकायचं त्यांनाच आहे. तुम्ही सांगून बघा," म्हणाली.

मी सांगितलं. विनवलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. औषध देऊनही खोकताना बरगडीत सुरी फिरते, असं एकेक शब्द वेचून सांगितलं. मला फार भीती वाटतेय. ते कपाट आहे की नाही ग्रंथपालबाईंकडे, ते मला तोडून जाळावंसं वाटतं.

१५ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलची उशी बघितली. चौकोनी, निसरडी, मऊ. खोकताना छातीशी धरायला सांगतात, पण ती धरली की बगलेतून निसटते. पहाटे घरी गेले आणि ह्यांच्या मापाची उशी शिवली. बगलेखाली खोलगट, बरगडीवर जाड, मागून पट्टा, म्हणजे एका हाताने आवळता येईल. वरून त्या कापलेल्या शर्टाचं कापड लावलं. बटणंही ठेवली.

ह्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. शिवण बघितली. म्हणाले, "काज... वाकडं."

माझं काज वाकडं. आयुष्यात कुणी असं म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, काज सरळ आहे, तुमची नजर वाकडी आहे, ज्या माणसाने लेकीचा पाळणा असा बनवला की पोर झोपली की एका बाजूला घरंगळायची, त्याने मला काजं शिकवू नयेत. ह्यांनी मान हलवली, फरशी... उतरती... होती. मी म्हटलं, हो का, मग आपण तीन घरं बदलली, सगळ्यांच्या फरशा पाळण्याला बघून उतरत होत्या का?

हे हसले. पोटातून हसले. हसण्यातून खोकला आला, मी उशी दाबून धरली, पट्टा आवळला, आणि हे खोकले. खरं खोकले, कळवळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाटलीत नुसती खळबळ उडाली. सिस्टर धावत आली आणि म्हणाली, शाब्बास काका, पुन्हा.

भांडायचं हे मला येतं. दर तासाला एक जुनं भांडण उकरते. विषय संपायची चिंता नाही.

१८ मार्च, रविवार

ताप नाही. कालपासून बुडबुडे नाहीत. आज एक्स-रे काढला. डॉक्टरने तो उजेडावर धरून मला दाखवला, हे बघा काकू, कडेपर्यंत आलंय. मला धुकं दिसलं, पण तिचा चेहरा बघून मी म्हटलं, वा.

२० मार्च, मंगळवार

नळी काढली. काढताना डॉक्टर म्हणाली, "काका, मोठा श्वास घ्या आणि दम धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "दम धर... हे हिलाही... सांगा." आणि धरला. ओढली, टाका आवळला, झालं. बाटली घेऊन गेले तर मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

उद्या घरी सोडणार. डॉक्टरने बजावलंय, की रोज एका श्वासात एक पूर्ण वाक्य म्हणायचं. हळूहळू लांब करत न्यायचं. ज्या दिवशी जमत होतं ते वाक्य जमेनासं होईल, त्या दिवशी वाट बघायची नाही, निघून यायचं. "आणि घरच्यांनी ऐकायचं," असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. मी मान खाली घातली.

२४ मार्च, शनिवार

वाक्यांचा सराव चाललाय. पहिल्या दिवशी "मला चहा दे." मग "मला चहा दे आणि साखर कमी घाल." काल "पैलवानाला सांग की यापुढे कपाट आपण वरच्या मजल्यावर जाऊन तिथेच जोडू." हे वाक्य मला आवडलं, मी ते दोनदा म्हणायला लावलं. पैलवान रोज येतो, खुर्चीजवळ रंध्याच्या पात्याला धार लावत बसतो. मी त्याला रागवायचं सोडून दिलंय, तो त्यानेच कसनुसा होतो.

झग्यांचं काम मागे पडलंय. शाळेतल्या बाईंनी मुदत वाढवून दिली. आज जेवण झाल्यावर मशीनवर बसले, टेबलभर पांढरं कापड. हे त्यांच्या खुर्चीत. कॉलरचं बटण लावलेलं, गळा पुन्हा साडेपंधरा.

मी म्हटलं, आजचं वाक्य राहिलंय. आणि एक मनात होतं तेही म्हटलं, चेष्टेनेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हरले, हे तुम्ही आता मरेपर्यंत ऐकवणार.

हे सरळ बसले, उशी छातीशी घेतली, मोठा श्वास घेतला, आणि न थांबता म्हणाले,

"तू हरली नाहीस, कारण त्या दिवशी खिडकी उघड म्हणालो ते मी भिंतीला नाही, तुलाच म्हणालो होतो."

एका श्वासात. कुठेही न तुटता. मग मिश्कील हसून माझ्याकडे पाहत राहिले, मला मोठं बक्षीस दिल्यासारखे. ह्यांना मला जिंकवायचं होतं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी ह्यांना इतकी वर्षं ओळखते म्हणून सांगते.

पण मला ते टेबलाला धरून उभे असलेले दिसले. दोनदा म्हणाले होते. हवा हवी होती ह्यांना, आणि मी मशीन जोरात चालवलं होतं.

मी हातातलं कापड खाली ठेवलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं, वाक्य लांब नव्हतं का?" मी म्हटलं, होतं, छान होतं. आणि उठून खिडकी उघडली. दोन्ही दारं, पार मागे भिंतीला टेकेपर्यंत. रस्त्यावरून गाडी गेली, धूळ आत आली आणि झग्यांवर बसली. बसू दे, धुता येतात.